झुक्कोत्तोचा लाल रंग

शनिवारी सकाळी फ्रीजरमधून स्टीलचं पातेलं काढलं, ताटलीवर पालथं घातलं, गरम पाण्यात बुडवून पिळलेला पंचा त्यावरून दोनदा फिरवला आणि श्वास रोखून पातेलं वर उचललं. निघाला! अख्खा, गोल गरगरीत, कुठेही तडा नाही. याआधीचे तीन प्रयत्न अर्धे ताटलीत आणि अर्धे पातेल्यात राहिले होते, त्यामुळे हा आनंद किती मोठा होता ते सांगून कळणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी केलेला रिलीज सोमवारपर्यंत कोणाच्या फोनशिवाय टिकला, की जसं वाटतं साधारण तसं.

पदार्थाचं नाव झुक्कोत्तो. इटलीतल्या फ्लॉरेन्सचा. आणि आज मला जे म्हणायचंय ते त्याच्या कृतीबद्दल कमी आणि त्यातल्या एका लाल थेंबाबद्दल जास्त आहे. पण आधी ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात.

एक खोलगट वाडगा घ्या. त्याला आतून स्पंज केकच्या पट्ट्यांचं अस्तर लावा. इटालियन लोक या केकला 'पान दी स्पान्या' म्हणतात, म्हणजे स्पेनचा पाव. पट्ट्यांवर मद्य शिंपडा. आत रिकोटा किंवा फेटलेलं क्रीम भरायचं, त्यात साखरेत मुरवलेली संत्र्याची साल आणि चॉकलेटचे तुकडे. बहुतेक ठिकाणी दोन थर असतात, बाहेरचा पांढरा आणि आतला कोकोचा. तळाला पुन्हा केकचं झाकण. मग सगळं थंड करून पालथं घालायचं. तयार झालेला घुमट कापला की बाहेर लालसर केक, आत पांढरं, मध्यभागी तपकिरी.

'झुक्का' म्हणजे भोपळा, त्यावरून नाव पडलं असं काही म्हणतात. पाद्री लोकांच्या डोक्यावरच्या छोट्या टोपीशी नातं जोडणारेही आहेत. आणि फ्लॉरेन्समध्ये उभं राहून खाल्लात, तर समोरच्या कॅथीड्रलचा, ब्रुनेलेस्कीने बांधलेला आणि १४३६ साली पूर्ण झालेला तो अवाढव्य घुमट आठवल्याशिवाय राहत नाही.

हा आइस्क्रीम नाही आणि नुसता गार केकही नाही. त्याला इटालियनमध्ये 'सेमीफ्रेद्दो' म्हणतात, शब्दशः अर्धं थंड. आइस्क्रीम गोठताना सतत घुसळावं लागतं. इथे हवा आधीच क्रीममध्ये फेटून घेतलेली असते आणि मग ते न हलवता फ्रीजरमध्ये ठेवतात. विरघळलेली साखर आणि मद्य दोन्ही पाण्याचा गोठणबिंदू खाली खेचतात, त्यामुळे उणे अठरा अंशालासुद्धा थोडं पाणी न गोठता राहतं. वर ती हवा. म्हणून दगड होत नाही, सुरी सरळ आत जाते. अर्थात हे सगळं नीट जमलं तर. साखर कमी करून 'हेल्दी' करायला गेलात की हातोडी लागते. (स्वानुभव.)

तर आता मूळ गोष्ट.

२०१९ साली मी प्रोजेक्टसाठी चार महिने फ्लॉरेन्सला होतो. मे महिन्यात आई-बाबा दहा दिवस आले. आई निवृत्त शिक्षिका, चौतीस वर्षं मराठी शिकवलं. शाकाहारी, पण घरोघरी असतात तसे तिचे स्वतःचे नियम ठरलेले. केकमधलं अंडं चालतं, ऑम्लेट नाही. खोकल्याच्या औषधाइतकी दारू चालते, ग्लासातली नाही. जिलेटिन नाही, कारण ते कशापासून करतात हे तिला एकदा कळलं आणि तेव्हापासून जेली बंद. बाबांना काहीच नियम नाहीत, फक्त डॉक्टरांचे आहेत आणि ते इटलीत लागू होत नाहीत असं त्यांचं मत.

आर्नो नदीपलीकडच्या एका गल्लीत छोटंसं मिठाईचं दुकान होतं. मी तिथे दर शुक्रवारी जायचो. दुकानदारीणबाईंशी माझं मोडकंतोडकं इटालियन आणि त्यांचं मोडकंतोडकं इंग्रजी यांच्या जोरावर बऱ्यापैकी बोलणं व्हायचं. त्यांनीच मला मागे कधीतरी सांगितलं होतं, की केकचा लाल रंग 'अल्केर्मेस' नावाच्या मद्याचा आहे, आणि त्यांच्याकडच्या अल्केर्मेसचा रंग जुन्या पद्धतीचा, म्हणजे किड्यांचा आहे. अभिमानाने सांगितलं होतं. हल्ली बरेच जण साधा कृत्रिम रंग वापरतात, आम्ही नाही, अशा थाटात.

म्हणजे मला माहीत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

आईने ताटली समोर आल्यावर नेहमीचे प्रश्न विचारले. अंडं? "केकमध्ये आहे." दारू? "शिंपडलेली आहे थोडी." जिलेटिन? बाईंना विचारून सांगितलं, "नाही." आई म्हणाली, बरं मग. आणि तिने पहिला घास घेतला.

तिचा चेहरा मला अजून आठवतो. अल्केर्मेसमध्ये दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, गुलाबपाणी असं काय काय असतं. आई म्हणाली, "अरे, हे तर आपलंच आहे सगळं." परक्या देशात आठवडाभर सुका पाव आणि टोमॅटो खाल्ल्यावर तिला त्या घासात वेलची भेटली होती. तिने पूर्ण तुकडा संपवला. मग बाबांच्या ताटलीतला अर्धा.

त्या क्षणी मी किड्यांबद्दल बोलायला हवं होतं का? मला वाटलं, कशाला. ती आनंदात आहे. तिने विचारलंही नाही. मग मी गप्प बसलो, आणि गप्प बसलेलं जाणवू नये म्हणून मोठ्या उत्साहाने दुसरी गोष्ट सांगायला लागलो.

ती गोष्ट फ्लॉरेन्समध्ये तुम्हालाही कोणीतरी सांगेल. मेदिची घराण्याची कातेरीना, पुढे फ्रान्सची राणी झाली ती. दरबारचा वास्तुविशारद बेर्नार्दो बुओन्तालेन्ती याने म्हणे तिच्यासाठी हा पदार्थ सैनिकाच्या शिरस्त्राणात गोठवून तयार केला. म्हणूनच याचं जुनं नाव 'कातेरीनाचं शिरस्त्राण'. मी हे सगळं इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं, की जणू शिरस्त्राण मीच धरलं होतं.

आई म्हणाली, "कधीची गोष्ट ही?"

हॉटेलवर परतल्यावर शोधलं. कातेरीनाचा जन्म १५१९चा. लग्न होऊन ती १५३३ साली फ्रान्सला गेली, वय वर्षं चौदा. बुओन्तालेन्तीचा जन्म १५३१च्या सुमाराचा. म्हणजे ती गेली तेव्हा वास्तुविशारदसाहेब दोन वर्षांचे होते! पुढे तो खरोखरच मोठा माणूस झाला, बोबोली बागेतली प्रसिद्ध कृत्रिम गुहा त्याचीच, आणि मेदिचींच्या मेजवान्यांशीही त्याचं नाव जोडलं जातं. पण शिरस्त्राणाची गोष्ट तारखांच्या हिशोबात बसत नाही. आईला सांगितलं तर ती खूप हसली. "दोन वर्षांच्या मुलाने केलंय म्हणूनच असं मऊ झालंय," म्हणाली.

दंतकथा उघडी पडली आणि कोणाचं काही बिघडलं नाही. झुक्कोत्तो तितकाच चांगला लागला. उलट आम्हाला घरात वापरायला एक विनोद मिळाला.

निघताना बाबांनी अल्केर्मेसची एक बाटली घेतली. पुण्यात आल्यावर ती शोकेसमध्ये, म्हणजे जिथे आपल्याकडे परदेशातल्या सगळ्या बाटल्या जातात तिथे, गेली.

दिवाळीच्या आधी आई शोकेस पुसत होती. मी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेलो. तिने बाटली हातात घेतली आणि चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "अल्... केर्... मेस." मग थांबली. "अल् म्हणजे अरबी दिसतंय. अल्जिब्रासारखं. आणि केर्मेस..." पुन्हा एकदा बाटलीच्या रंगाकडे बघितलं. "किरमिजी की रे हे!"

मी मान वर केली नाही.

मराठी शिकवलेल्या बाईसमोर शब्द लपत नाहीत. आपण किरमिजी म्हणतो तो रंग, इंग्रजीतला क्रिम्झन आणि या बाटलीवरचा अल्केर्मेस, तिघांचं मूळ एकच, अरबीतला 'किर्मिझ'. अरबीत तो फारसीतून आला, तिथे 'किर्म' म्हणजे किडा. आणि त्याचा संस्कृत भाऊ म्हणजे कृमी. भूमध्य समुद्राच्या काठच्या एका खुरट्या ओक झाडावर हे किडे चिकटून राहतात. माद्या सुकल्या की दाण्यांसारख्या दिसतात, इतक्या की कित्येक शतकं लोक त्यांना झाडाची फळंच समजत. त्यांच्यापासून लाल रंग करत. अल्केर्मेसचा पूर्वज म्हणजे अरबी वैद्यांचं एक हृदयाचं औषध, आणि त्याच्या जुन्या कृतींत या रंगात रंगवलेलं रेशीमसुद्धा पडायचं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतून निवडुंगावरचा दुसरा किडा आणला, कोचिनील. तो जास्त रंग देतो, म्हणून जुना मागे पडला. आजच्या लेबलांवर त्याचंच नाव ई१२० असं असतं. आमच्या बाटलीवरही होतं, मागच्या बाजूला, बारीक अक्षरात.

आईने बाटली खाली ठेवली. "कृमीपासूनचा रंग ना हा? तुला माहीत होतं?"

"हो."

"तिथे असताना?"

"हो."

पुढचं मी अजिबात चांगलं वागलो नाही. माफी मागायची सोडून वाद घातला. म्हटलं, तुझी पैठणी कशाची आहे? कोष उकळतात आत किडा जिवंत असताना. देवाला नेसवतेस ते रेशीम कशाचं? मध कोणाचा? आणि तिथे खाल्लेला रिकोटा! चीज करायला बऱ्याचदा वासराच्या नाहीतर कोकराच्या पोटातलं रेनेट लागतं, आणि त्याच चीजच्या उरलेल्या पाण्यापासून रिकोटा होतो. त्याचं काय? मुद्दा मुद्द्याला लागून होता. कोड रिव्ह्यूमध्ये समोरच्याला गप्प करायचं असतं तेव्हा मी असाच बोलतो.

आई शांतपणे म्हणाली, "पैठणी कशाची असते ते मला माहीत आहे. माहीत असून नेसते. कधी कधी वाईट वाटतं, तरी नेसते. तो हिशोब माझा आहे. हा हिशोब तू माझ्या वहीत लिहिलास. मला न विचारता."

विषय संपला. भांडण नाही, अबोला नाही, दिवाळीही नीट झाली. फक्त त्यानंतर काही महिने मी घरात काहीही केलं की आई ताटलीकडे बघून विचारायची, "यात काय आहे?" एकदा मी पोहे केले होते. पोह्यांनासुद्धा विचारलं. टोमणा नव्हता तो. तो असता तर बरं वाटलं असतं.

मंडळी, माझं मत यातून बनलंय, आणि ते मी बऱ्याच मित्रांशी भांडून पक्कं केलंय.

पदार्थाबद्दल दोन प्रकारची खोटी बोलणी असतात. एक, त्याच्या जन्माची. राणीने मागवला, राजाच्या खानसाम्याने केला, वगैरे. ही खोटी आहेत हे कळल्यावर आपण हसतो आणि पुढचा घास घेतो. दोन, त्याच्या पोटात काय आहे याची. इथे बहुतेक वेळा कोणी खोटं बोलतही नाही. फक्त बोलत नाही. आम्ही या धंद्यात याला एक्सेप्शन गिळणं म्हणतो. चूक पकडायची, कुठे नोंद करायची नाही आणि प्रोग्राम चालू ठेवायचा. वापरणाऱ्याला सगळं उत्तम चाललंय असं दिसतं. आणि मग एक दिवस दिवाळीची साफसफाई निघते.

मित्रांचे आक्षेप तीन.

पहिला, "तिने विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस ना?" सांगितलं असतं. पण केकमध्ये किडा असेल का, हा प्रश्न कोणाला सुचेल? न सुचणाऱ्या प्रश्नाच्या आड लपणं हा प्रामाणिकपणा नाही.

दुसरा, "मग थांबायचं कुठे? रेनेट, मध, साखर कशाने शुभ्र करतात, सगळी जंत्री वाचायची का जेवणाआधी?" हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर मला बराच काळ सापडत नव्हतं. रिकोटाचं रेनेट मला त्या दिवशी दुकानात सुचलंही नव्हतं. ते नंतर, वादात जिंकण्यासाठी आठवलं. पण किडे मला ठाऊक होते आणि मी जाणूनबुजून विषय बदलला. हाच फरक. लपवावंसं वाटलं, याचा अर्थच हा की तिला फरक पडेल हे मला माहीत होतं. माझी कसोटी आता एवढीच आहे. जंत्री नको. जिथे जीभ आपोआप अडखळते तेवढंच सांगायचं.

तिसरा आक्षेप रसिकांचा. "सगळ्यांच्या नियमांप्रमाणे बदलत गेलो तर मूळ पदार्थ उरेल का?" बाबांनो, मूळ म्हणजे कुठलं? रिकोटाचं की क्रीमचं? नुसतं गार की गोठवलेलं? घरोघरी वेगळं आहे. आज बऱ्याच बाटल्यांत कृत्रिम रंग असतो. काम्पारी हे इटलीचं प्रसिद्ध लाल मद्य, त्यांनी २००६ साली बऱ्याच देशांत कोचिनील सोडलं. स्टारबक्सने २०१२ साली अमेरिकेत स्ट्रॉबेरीच्या पेयांतून ते काढायचं ठरवलं, कारण शाकाहारी गिऱ्हाइकांना कळलं आणि त्यांनी आवाज केला. दोघांचाही धंदा चालू आहे. पदार्थ बदलल्याने मरत नाही. आणि मी तर म्हणतो, ज्यांना जुन्या पद्धतीचाच हवा त्यांनी खुशाल तो खावा, त्या बाईंसारखं अभिमानाने सांगून विकावा. त्यांनी तर पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. लपवणारा मी होतो.

आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असतो, त्यामुळे हा प्रश्न सुटलाय असं वाटतं. पण ठिपका पाकिटाला असतो, घरच्या ताटलीला नाही. आणि आपल्या पिढीत घरोघरी नियम वेगळे झालेत. एकाच टेबलावर कट्टर व्हीगन, 'फक्त मंगळवारी नाही'वाला, चातुर्मास पाळणारी सासू आणि ग्लुटेन बंद केलेला साडू बसतो. त्यातले काही नियम मला हास्यास्पद वाटतात. हसावं, वाद घालावा, जेवण झाल्यावर. पण दुसऱ्याचा नियम मूर्खपणाचा आहे असं आपण ठरवून, त्याच्या नकळत, त्याच्याकडून तो मोडवून घेणं, आणि मनात "बघ, काही झालं का?" असं म्हणणं, यात थोडी गंमत आणि बरीचशी मग्रुरी असते. माझ्यात होती.

असो. आजच्या शनिवारकडे येतो.

आजचा झुक्कोत्तो असा. केकमध्ये अंडी आहेत. रिकोटाऐवजी घरी दूध फाडून केलेला ताजा छाना, घोटून मऊ केलेला, आणि फेटलेलं क्रीम. रिकोटाची चव थोडी वेगळी असते, पण चालतं. संत्र्याची साल घरीच साखरेत मुरवलेली, कारण पाकिटातली टुटीफ्रुटी म्हणजे कच्च्या पपईचे रंगीत तुकडे, त्यांना संत्र्याचा वास कुठून येणार. लाल रंगासाठी कोकम. साखरेच्या पाकात दालचिनी, लवंग, वेलची उकळून गाळली, गार झाल्यावर कोकमाचं आगळ अगदी थोडं (खारट असतं, सांभाळून) आणि गुलाबपाणी. दोन चमचे रम. रंग किरमिजीच्या जवळ जातो, बिनकिड्याचा. फ्रीजरमध्ये रात्रभर. काढल्यावर अर्धा तास खालच्या कप्प्यात, मगच कापायचा.

दुपारी आई-बाबा आले. ताटली समोर ठेवली आणि कोणी विचारायच्या आत मी सुरू केलं. अंडी केकमध्ये. रम दोन चमचे. जिलेटिन नाही. लाल रंग कोकमाचा, रेनेटवालं चीज नाही, चॉकलेटचं पाकीट तपासलंय, हिरवा ठिपका...

आईने चमचा उचललेला होता. म्हणाली, "बोलणं आवर आता, वितळतंय ते."